पिवळा ठिपका आणि माझ्या मेंदूचं वय

मागच्या वर्षी एका यंत्राने मला लेखी कळवलं की माझ्या मेंदूचं वय एकाहत्तर आहे. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. म्हणजे माझा मेंदू माझ्याआधी अठरा वर्षं जन्माला आला होता आणि इतकी वर्षं कोणी मला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

मी चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे गाड्यांच्या ब्रेकचे पिस्टन बनतात. मशीनवरून आलेला प्रत्येक नग माझ्या टेबलावर येतो. ट्यूबलाइटखाली धरायचा, बोटांत फिरवायचा, कुठे ओरखडा, पोचा, कडेला राहिलेलं धातूचं कुसळ दिसतं का बघायचं. एका नगाला चार सेकंद. खराब असेल तर लाल क्रेटमध्ये. चांगला असेल तर त्याच्यावर पेंट मार्करने पिवळा ठिपका द्यायचा आणि पुढे सरकवायचा. चोवीस वर्षं हेच करते आहे. माझ्या ठिपक्याचा नग गिऱ्हाइकाकडून परत आलाय असं फार क्वचित घडलंय, आणि जेव्हा घडलं तेव्हा मी आठवडाभर नीट जेवलेली नाही.

त्या मार्करबद्दल आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्याचा आहे. तो माझ्या गळ्यात दोरीला लटकत असतो. घरी आल्यावरही तो काढायची आठवण राहत नाही. मोशीच्या मंडईत मी वांगं हातात घेते, उलटसुलट करते, आणि माझा दुसरा हात आपोआप गळ्याकडे जातो. (एकदा जाऊन थांबला नाही. भाजीवालीने ते पिवळ्या ठिपक्याचं वांगं मलाच घ्यायला लावलं. चांगलं होतं. मी पासच केलं होतं.)

तर एके दिवशी आमचे क्वालिटीचे देशमाने साहेब म्हणाले, की यापुढे इन्स्पेक्शनला बसणाऱ्यांच्या नजरेची शास्त्रशुद्ध चाचणी होणार. कॅन्टीनमध्ये दरवाजाएवढा काळा फळा उभा राहिला. त्यावर साठ दिवे, प्रत्येक दिवा म्हणजे एक बटण. फळ्याबरोबर ऋचा मॅडम आल्या होत्या. वय असेल पंचवीस. त्यांनी फार छान समजावून सांगितलं. चष्म्याचा नंबर म्हणजे नजर नव्हे. डोळा फक्त चित्र पोचवतो, बघतो तो मेंदू. डोळ्याच्या कडेने किती दिसतं, दिसल्यावर हात किती लवकर हलतो, यावरून मेंदूची तब्येत कळते आणि सरावाने ती सुधारता येते. मला हे सगळं पटलं. फक्त एकच पटलं नाही, त्या मला काकू म्हणाल्या.

"काकू, दिवा लागला की लगेच दाबायचा. दमू नका, फक्त एक मिनिट आहे."

मी उभी राहिले. दिवा लागला. मी तो नीट पाहिला. काच स्वच्छ होती, उजेड सारखा पसरत होता, कडेला तडा नव्हता. मग दाबला.

"काकू, लगेच!"

"हो, पण आधी बघू तर द्या."

"बघायचं नाहीये, दाबायचंय."

"न बघता?" मी विचारलं. माझ्या चोवीस वर्षांत मला न बघता नग पुढे सरकवायला सांगणारी ही पहिलीच बाई. एका मिनिटात मी चौदा दिवे तपासले, चोख तपासले, आणि यंत्राने कागद बाहेर टाकला. एकाहत्तर.

माझ्यासारख्या आणखी चौघी निघाल्या. साहेबांनी पाचजणींना बोलावून सांगितलं, की एकवीस दिवसांनी पुन्हा चाचणी होईल. तोपर्यंत सराव करा. सुधारणा दिसली तर ठीक, नाहीतर तुम्हाला पॅकिंगला हलवावं लागेल. पॅकिंग वाईट नाही. तिथे पंखा आहे, बसायला पाठीची खुर्ची आहे. पण तिथे डबे बंद करायचे असतात, आणि डब्यात काय आहे हे बघायचं नसतं. मी साहेबांना तोंडावर सांगितलं, की माझी नजर मेलेली नाही, तुमचा फळा उतावळा आहे. साहेब म्हणाले, एकवीस दिवसांनी बघू.

घरी आल्यावर मी ही बातमी ताट वाढता वाढता, अगदी सहज सांगितली. घरात आम्ही चौघं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, कशानेच हलत नाहीत. ते म्हणाले, पॅकिंगला पाठीची खुर्ची असते ना, मग बरंच की. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. (ते त्यांच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.) आमची लेक प्राजक्ता वाकडला आयटीत आहे, तिने जेवता जेवता मोबाइलवर सगळी माहिती काढली आणि जाहीर केलं की आईचं ट्रेनिंग तीच घेणार. चौथ्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, माहेर चाकणजवळच्याच गावातलं. त्यांनी घास खाली ठेवून मला विचारलं, "तुजा मेंदू माज्यापेक्षा सातच वरसांनी ल्हान हाय व्हय गं?"

दुसऱ्या दिवसापासून घराची प्रयोगशाळा झाली. पहिला व्यायाम दोरीचा. दोरीत तीन रंगीत मणी ओवायचे, एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं आपल्या नाकाच्या शेंड्यावर धरायचं, आणि एकेका मण्यावर नजर न्यायची. आमच्या हॉलमध्ये खिडकी ते सोफा एवढी दोरी लावली की बाथरूमचा रस्ता बंद होतो. मी लाल मण्यावर नजर खिळवून बसले होते, तेवढ्यात आमचे हे दुधाची पिशवी घेऊन दारातून आत आले. दोरी त्यांच्या गळ्यात अडकली, माझं नाक ओढलं गेलं, पिशवी फुटली आणि दूध थेट दिवाणखालच्या चपलांपर्यंत गेलं. प्राजक्ताने ओरडून विचारलं, की आई, या गोंधळात नजर मण्यावरून हलली का? मी सांगितलं, नाही हलली. खरंच नव्हती हलली. त्यामुळेच तर मला हे येताना दिसले नाहीत.

दुसरा व्यायाम चेंडूचा. चेंडूवर अक्षरं लिहिलेली. तो अंगावर यायच्या आत अक्षर ओळखून म्हणायचं आणि मग झेलायचा. मी ओळखत होते, फक्त झेलत नव्हते. तिसऱ्या दिवशी तो कढीत पडला. कढीतून बाहेर काढल्यावर त्यावर क होता, आणि मी पडायच्या आत क म्हटलं होतं, याला सगळे साक्षी आहेत. पण त्या दिवशी कढीचा विषय मोठा झाला आणि माझं श्रेय बुडालं.

मग प्राजक्ताने तिच्या टॅबवर फळ्यासारखाच खेळ आणला. ठिपका उगवला की टेकवायचं बोट. माझं उत्तर आलं सत्तर. "बघ, एका वर्षाने तरुण झालीस," असं ती म्हणाली, पण तिचा चेहरा पडला होता. आत्या तिथेच मिसरी लावत बसल्या होत्या. त्यांनी डाव्या हाताने टॅब ओढला, उजव्या हाताचं बोट तोंडातच होतं, आणि डाव्या हाताने खटाखट ठिपके मारत सुटल्या. मारता मारता माझ्याशी बोलतही होत्या, की गॅसवर काही ठेवलंयस का, वास येतोय. गॅसवर खरंच दूध होतं. मी ते उतरवून येईपर्यंत टॅबने आत्यांच्या मेंदूचं वय सांगितलं होतं. बेचाळीस.

पुढचे दोन दिवस मी सोसायटीच्या जिन्यावर कोणालाही तोंड दाखवू शकले नाही. आत्या देवळात, गिरणीत, भिशीत, जिथे जातील तिथे हा आकडा सांगत होत्या. माझाही सांगत होत्या, कारण त्याशिवाय त्यांचा उठून दिसत नव्हता. शेवटी मी अभिमान बाजूला ठेवून त्यांच्या खोलीत गेले आणि विचारलं, हे कसं जमतं. मला वाटलं होतं त्या टोमणा मारतील. त्या एकदम गंभीर झाल्या.

"लग्नाआदी आन् लग्नानंतरबी, तीस वरसं कांदा निवडलाय मी चाकनच्या बाजारात," त्या म्हणाल्या. "कांद्याकडं बघत बसलं तर दिस मावळंल. कांदा बघायचा न्हाई. हात टाकायचा. हाताला म्हाईत असतंय. तू लई बघती, सुनंदा."

चोवीस वर्षांत माझ्या नोकरीवर झालेली ही सगळ्यात मोठी टीका होती, आणि ती माझ्याच घरातून आली होती. तरीही मी ती ऐकून घेतली, कारण दहाच दिवस उरले होते आणि मला पॅकिंगला जायचं नव्हतं.

आत्यांनी भावाला फोन करून दोन गोण्या कांदा मागवला. गॅलरीत गोणी ओतली आणि मला मध्ये बसवलं. मोठा कांदा उजवीकडे, मध्यम तो गोलटी, तो डावीकडे, बारका तो चिंगळी, तो मागे, आणि सडका समोरच्या बादलीत. मी कांदा उचलून उजेडात धरला की आत्या पाठीत उलथनं टोचायच्या. शिवाय मी कांद्याकडे बघू नये म्हणून त्या मला सतत प्रश्न विचारायच्या. लग्नात तुझ्या मामाने काय आहेर केला होता? खालच्या मजल्यावरची बाई कोणाशी बोलते? मी चिडून उत्तरं देत गेले आणि हात सुटत गेले. पाचव्या दिवशी गोणी तासाच्या आत संपायला लागली. निवडून झाली की आत्या पुन्हा सगळा कांदा एकत्र ओतायच्या. त्या दहा दिवसांत आमच्या घरात पोहे, भजी, थालीपीठ, कांद्याची आमटी आणि कांद्याची चटणी यांशिवाय काही शिजलं नाही, आणि आमच्या ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून दोडका आणला.

दुसरी चाचणी नेमकी कंपनीच्या फॅमिली डेला ठेवली होती. एरवी गेटवर थांबवतात ती सगळी कुटुंबं त्या शनिवारी कॅन्टीनमध्ये हजर होती. आत्या नऊवारी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. ऋचा मॅडमनी पाहुण्यांना हौस म्हणून फळा खेळायला दिला, तेव्हा पहिला नंबर आत्यांनी लावला. दिवे त्यांनी बटणं म्हणून नव्हे, डास म्हणून मारले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्हा पाचजणींची पाळी आली आणि पहिलं नाव माझं पुकारलं.

मी थेट लाइनवरून आले होते, ॲप्रनसकट. साहेब वही घेऊन उभे होते आणि त्या वहीत पाच नावांपुढे "पॅकिंग" हा शब्द पेन्सिलीने लिहिलेला मला लांबून दिसला. (नजर मेलेली नाही म्हणाले ना.) पहिला दिवा लागला. मागून आत्यांचा आवाज आला, "बघू नगंस!"

आणि मी बघितलं नाही. मनात गॅलरी आणली, समोर कांदे आणले, आणि हात सोडून दिले. दिवा लागला की हात पोचत होता. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मी दहा दिवसांत आत्यांना जेवढी उत्तरं दिली होती तेवढी सगळी मनात पुन्हा देत होते. लोक ओरडत होते. मला वाटलं, कौतुकाने ओरडतायत. मिनिट संपलं, मी धापा टाकत मागे सरकले, आणि मग पहिल्यांदा फळ्याकडे नीट बघितलं.

फळाभर पिवळे ठिपके होते. दिव्यांच्या बरोबर मधोमध, एकेक. माझ्या उजव्या हातात मार्कर होता, टोपण काढलेला. आत्या म्हणाल्या होत्या हाताला माहीत असतं, आणि माझ्या हाताला चोवीस वर्षं एकच गोष्ट माहीत होती.

ऋचा मॅडमनी ओढणीने एक ठिपका पुसून बघितला. ओढणी पिवळी झाली, ठिपका तसाच राहिला. आमचा पेंट गरम तेलातसुद्धा निघत नाही, ही माहिती मी त्यांना दिली, पण त्यांना त्यातून धीर आल्यासारखं वाटलं नाही. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. साहेबांचा चेहरा मी बघितलाच नाही. ते एवढंच म्हणाले, "सुनंदाताई, हे काय केलंत?"

आता इथे मी माफी मागायला हवी होती. चारचौघांत, घरच्यांसमोर, यंत्राचा सत्यानाश केल्यावर कोणीही शहाणी बाई मागेल. पण मी ठिपके मोजत होते. सवय. फळ्यावर सगळीकडे ठिपके होते आणि खाली डावीकडच्या कोपऱ्यातला एक दिवा कोरा होता.

"साहेब," मी म्हणाले, "तो मी पास केलेला नाही."

"काय?"

"कोपऱ्यातला दिवा. तो उशिरा लागतो आणि अर्धाच लागतो. माझा हात तिकडे गेला होता, पण त्याने ठिपका दिला नाही. तपासून घ्या."

साहेब काही बोलणार होते. पण ऋचा मॅडम आधी फळ्यामागे गेल्या, त्यांनी काहीतरी बटण दाबून एकेक दिवा लावून पाहिला. प्रत्येक दिवा झटकन लागत होता. कोपऱ्यातला मात्र विचार करून लागला, आणि लागला तोही गढूळ. मग समोर येऊन, त्यांच्या बाजूने मान्य करायला अवघड होतं तरी, सरळ म्हणाल्या, की हा दिवा खराब आहे, पहिल्या चाचणीतही बहुतेक खराबच असणार, आणि जे जे तिथे थांबले त्यांचे गुण त्यामुळे गेले असणार. ती पोरगी मला त्या क्षणी फार आवडली. काकू म्हणाली तरी.

आमच्याकडे नियम असा, की मोजमापाचं कुठलंही साधन सदोष निघालं की त्याला लाल टॅग बांधायचा, आणि ज्याला दोष सापडला त्यानेच बांधायचा. साहेब नियमाचे पक्के. त्यांनी खिशातून लाल टॅग काढून माझ्या हातात दिला. मी तो फळ्याच्या पायाला बांधला, गाठ मारली, सही केली. माझ्या मेंदूला म्हातारं ठरवणारं यंत्र मी रिजेक्ट केलं! सदोष साधनाचं माप धरायचं नसतं, म्हणून साहेबांनी वहीतला "पॅकिंग" शब्द पाचही नावांपुढून खोडला. त्या चौघींनी मला मिठी मारली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

निघताना प्रिंटरपाशी आमचे कागद पडले होते. वरच्या कागदावर मेंदूचं वय होतं अडतीस. मी तो उचलून सरळ पर्समध्ये घातला. घरी आल्यावर त्याला फ्रेम केली आणि हॉलमध्ये, जिथे दोरी बांधली होती त्याच खिडकीशेजारी लावली. प्राजक्ता म्हणाली, आई, ज्या यंत्राला तू स्वतः लाल टॅग बांधलास त्याचाच कागद फ्रेम करतेस? मी तिला सांगितलं, की दिवा एकच खराब होता, बाकीचे एकोणसाठ मी पास केलेत. येणाऱ्याजाणाऱ्याला मी चहाआधी ती फ्रेम दाखवत होते.

असे चाळीस दिवस गेले. मग एका रविवारी प्राजक्ता फ्रेम पुसत होती, ती पुसता पुसता थांबली.

"आई, यावर वय अठ्ठ्याहत्तर लिहिलंय. आणि नाव आजीचं आहे."

मी जाऊन पाहिलं. होतं. ठळक अक्षरांत, वरून दुसरीच ओळ. चाळीस दिवस मी त्या कागदासमोर दिवसातून चारदा उभी राहिले होते आणि मला फक्त अडतीसचा आकडा दिसत होता. मी आत्यांकडे वळले. त्या खिडकीत बसून मिसरी लावत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्या दिशीच."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हणलं बघू," आत्या म्हणाल्या, "चोवीस वरसं माल तपासनाऱ्या बाईला किती दिवसांनी दिसतंय."

"आणि माझा कागद कुठे आहे?"

त्यांनी कनवटीतून एक घडी काढून माझ्यापुढे धरली. त्यात मिसरी बांधलेली होती. मी ती डबीत झाडली, कागद उलगडला, खिडकीच्या उजेडात धरला, उलटसुलट केला. नाव माझंच होतं. मेंदूचं वय जिथे लिहिलं होतं तिथे मिसरीचा काळा डाग पडला होता आणि त्याखालचा पहिला आकडा सहा आहे की तीन, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. प्राजक्ता म्हणाली, आण, मी मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघते. मी तिचा हात बाजूला केला. कागद टेबलावर ठेवला, गळ्यातल्या मार्करचं टोपण काढलं, आणि त्या डागाच्या बरोबर मधोमध पिवळा ठिपका दिला. चोवीस वर्षांत न तपासता पास केलेला हा माझा एकुलता एक नग.